पांढऱ्या ब्लाउजचं अस्तर

कापडाच्या दुकानात मला कोणी घाई केली की माझं डोकं फिरतं. शहापूरच्या बाजारात मी ज्या दुकानात जाते तिथला दुकानदार हे ओळखून आहे. मी पायरी चढले की तो गल्ल्यावरून उठतसुद्धा नाही, नुसता म्हणतो, "घ्या वहिनी, तुमचंच दुकान." मग मी ठाण उलगडते, कापडाचं टोक मुठीत चुरगाळते, दहापर्यंत आकडे मोजते आणि सोडते. सुरकुत्या घट्ट बसल्या तर त्याचा ब्लाउज दुपारपर्यंत बोळा होणार. अजिबात पडल्या नाहीत तर सुतात भलतंच काहीतरी मिसळलंय, ते मे महिन्यात अंगाला चिकटणार. मग कापड दारात नेऊन उजेडाकडे धरायचं. वीण विरळ असेल तर शिवणीवर फाटतं. शेवटी किनारीचा एक धागा ओढून जाळून बघायचा. राख झाली तर सूत, काळी गोळी झाली तर पॉलिस्टर. ही शेवटची परीक्षा तो मला दुकानात करू देत नाही, रस्त्यावर जा म्हणतो. बरोबरच आहे त्याचं.

मी काही शिंपीकाम करून पोट भरणारी बाई नाही. लग्नानंतर शहापूरला तीन महिन्यांचा शिवणक्लास केला, घरात पायमशीन आलं, आणि तेव्हापासून खर्डीजवळच्या आमच्या घरात सुईदोऱ्याचं सगळं माझ्याकडे. सासूच्या चोळ्या, परकर, उशांचे अभ्रे, नवऱ्याचे लेंगे. पावसाळ्यात भातलावणी, एरवी मशीन. गावातल्या बाया ब्लाउज घेऊन येतात तेव्हा मी आधी कापड बघते आणि मगच त्यांच्याकडे बघते, असं त्या म्हणतात. त्यात खोटं काही नाही.

एवढं सगळं असूनही माझ्या मुलीचा माझ्या शिवणावर विश्वास नव्हता. त्याला कारण होतं आणि ते कारण मीच होते.

ती पाचवीत असताना शाळेच्या गॅदरिंगसाठी मी तिला मखमलीचं जाकीट शिवलं होतं. जांभळी मखमल, काय तिचा थाट! आता, मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर खरखरते, आणि रंगही बदललेला दिसतो. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने बेतायचे असतात. क्लासमध्ये आम्ही फक्त पॉपलीन आणि रुबिया शिवली होती, मखमलीला कोणी हात लावला नव्हता. कापड पुरावं म्हणून मी पुढचे दोन भाग उलटसुलट ठेवून कापले. घरातल्या उजेडात काही कळलं नाही. स्टेजवर दिवे लागले आणि माझी मुलगी अर्धी जांभळी, अर्धी काळी दिसायला लागली. "अर्धीच धुतलीस का गं?" असं पोरींनी विचारलं म्हणे. घरी येऊन तिने जाकीट खुंटीला टांगलं ते परत घातलं नाही. आणि मी काय केलं? कापडच खराब निघालं म्हणून दुकानदाराच्या नावाने आरडाओरडा केला. नाचता येईना अंगण वाकडं. त्यानंतर ती कायम तयार कपडेच घेत आली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, हे मला कळत होतं. पण कळलं म्हणून दुखायचं थोडंच राहतं.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा मुरबाडचा. आम्ही बौद्ध. हळदीला काय हवे ते रंग घाला, पण वंदनेला उभं राहताना नवरीच्या अंगावर पांढरी साडी असते. साडी मुलाकडून यायची ठरलं होतं. विहीणबाई शिक्षिका, नीटनेटक्या, बोलायला गोड. त्यांनी आणलेली साडी बघून माझा जीव हरखला. रेशमी, अंगाने पातळ, बारीक चंदेरी काठाची. आणि तो पांढरा म्हणजे चुन्याचा पांढरा नव्हता. दूध तापवल्यावर वर जी साय धरते तसा होता. साडीलाच जोडून ब्लाउजपीस होता, एकच, मोजून मापून. चुकलं तर दुसरा कुठे मिळणार नव्हता.

विहीणबाई जाता जाता म्हणाल्या, "कल्याणला एक बुटिक आहे, छान शिवतात. ताईंना त्रास नको."

ताई म्हणजे मी. मी हसले. त्या गेल्यावर मुलीला म्हटलं, "ब्लाउज मी शिवते."

ती साडीची घडी घालत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "आई, नको ना. बाहेरच टाकू या."

"का?"

"फोटो कायमचे राहतात गं."

तिने मखमलीचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडले तरी असते. मी आतल्या खोलीत गेले आणि मशीनवरचं झाकण उगाच पुसत बसले. मला खूप वाईट वाटलं. अख्ख्या गावाचे ब्लाउज या मशीनवर शिवले, आणि पोटच्या पोरीच्या लग्नाचा तेवढा कल्याणला? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते माझ्याच घरात खरं व्हावं? मग राग आला, आणि राग आला की मला काम सुचतं. मी बाहेर येऊन सांगितलं, "हे बघ, रविवारपर्यंत मी रेशमाला कात्री लावत नाय. आधी मांजरपाटाचा ब्लाउज शिवून दाखवते आणि अस्तर तयार करते. घालून बघ. नाय आवडलं तर मी स्वतः पीस घेऊन कल्याणला जाते."

ती कल्याणला एका लॅबमध्ये कामाला आहे, नमुने तपासल्याशिवाय काही खरं मानत नाही. तिला ही अट पटली.

मांजरपाट हे गरीब कापड, पण खोटं बोलत नाही. त्यात ना चमक ना लवचीकपणा, म्हणून माप चुकलं की लगेच ओढ दिसते. मी तिचं माप तीनदा घेतलं. ती हात वर करून उभी, मी टेप घेऊन भोवती. दुसऱ्या दिवशी कच्चा टाका घालून ब्लाउज अंगावर चढवला. पाठीत सैल, मुंढ्यात घट्ट. उसवला. परत घातला. तिसऱ्यांदा तो असा बसला की तिने स्वतःहून हात पुढे-मागे करून पाहिले.

आता अस्तर. रुबिया घ्यायची ठरवली, शुद्ध सुती, पांढरी. सुती अस्तर आधी भिजवून आटवून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात आतून आखडतं आणि वरचं रेशीम फुगून झोळ पडतात. हे मी झोपेतही विसरणार नाही. म्हणून शनिवारी सकाळी मी रुबियाची घडी थोडा धुण्याचा सोडा टाकून बादलीत बुडवली आणि शेतावर गेले.

दिवस एप्रिलचे. आमच्याकडे तेव्हा नळाला कधीतरी पाणी येतं. नवऱ्याची सगळी नोकरी भातसानगरला गेली, धरणाच्या पंपावर, पण घरी आमचं तेच, धरण उशाला आणि कोरड घशाला. उन्हाळाभर आमची भिस्त बोअरवर. आणि आमच्या बोअरचं पाणी लोखंडाचं. काढताना स्वच्छ दिसतं, राहिलं की तांबूस होतं. आमच्या बादल्यांचे तळ लाल, फरशी लाल, नवऱ्याचे बनियन चहात बुडवल्यासारखे. इतकी वर्षं ते बघून बघून आमच्या डोळ्यांना तो रंग दिसेनासाच झालाय. दुसऱ्या गावची बाई पांढरं कापड घेऊन त्या बादलीजवळ गेली असती तर थबकली असती. मी नाही थबकले.

संध्याकाळी घडी उलगडली. घडीच्या आत पांढरं, बाहेर तांबूस, आणि जिथे कापड तळाला टेकलं होतं तिथे पिवळ्या-लाल रेघा. मी दोनदा धुतलं, लिंबू चोळलं. डाग फिका झाला पण गेला नाही. रविवारी सकाळी तो फडका दोरीवर वाळत होता तेव्हा मुलगी दात घासत अंगणात आली आणि उभीच राहिली.

"आई, हे अस्तर आहे?"

मी हो म्हटलं. काय सांगणार!

ती ओरडली नाही. आत गेली, कपाटातून ब्लाउजपीस काढून आणला, आणि माझी समजूत पटावी म्हणून तिनेच तो त्या डागाळलेल्या रुबियावर पसरला. "बघ. रेशीम पातळ आहे. सगळे डाग वर दिसणार. राहू दे गं आई. मी उद्या कल्याणला नेते." आवाज इतका समजुतीचा होता की तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डाग दिसत होते. पण मी डागांकडे बघतच नव्हते. दोन डागांच्या मध्ये हातभर जागा अशी होती जिथे रंग सारखा बसला होता, एकदम फिकट, उकडलेल्या भाताच्या पेजेसारखा. तिथे रेशीम जिवंत झालं होतं. मी पळत आत जाऊन रुबियाचा उरलेला कोरा तुकडा आणला आणि त्याच रेशमाखाली शेजारी सरकवला. दुकानातल्या पांढऱ्या कापडाला निळी झाक असते, एरवी ती कळत नाही. इथे कळली. सायीसारखं रेशीम त्यावर आजारी दिसायला लागलं.

"चूळ भर आणि इकडे दारात ये," मी म्हटलं. "नीट बघ. डाव्या बाजूला कोरं. उजव्या बाजूला आपल्या बोअरचं."

ती वाकली. बराच वेळ बघत होती. "उजवं चांगलं दिसतंय," ती हळूच म्हणाली. "पण डागांचं काय?"

"डाग कशाला काढायचे? अख्खं कापडच डागात घालते."

ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मग तिने पीस परत घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बुधवारपर्यंत बघू."

बघू, म्हणजे हो नाही. पण नाहीही नाही.

सोमवारी शहापूरला जाऊन नवी रुबिया आणली. या वेळी दुकानातले पाचही पांढरे रस्त्यावर आणून उन्हात बघितले, सोबत साडीच्या पदराची दोन सुतं होती. सगळे निळसर. म्हणजे रंग बोअरनेच द्यायचा होता. पण सारखा कसा बसवायचा, ते मला ठाऊक नव्हतं, आणि वाट दाखवली ती माझ्या सासूने. तिचं वय झालंय, डोळ्यांना कमी दिसतं, दिवसभर ओट्यावर बसून आम्हाला हुकूम सोडते. मी बादली भरत होते तेव्हा म्हणाली, "अगो, बादलीत काय कोंबतंस? मोठं घमेलं घे. घडी मोड. आन् पानी बसू नको देव, हालवत रव्ह."

"किती वेळ, आत्या?"

"माजा हात दुखंपरत आमी हालवायचो. मासे धरायच्या जाल्याची दोरी आमी अशीच रंगवायचो, झाडाच्या सालीच्या पान्यात. थांबलीस का पट्टे पडलेच समज."

मी घमेल्यात सोडा विरघळवला, कापड पूर्ण उलगडून टाकलं आणि हलवत राहिले. डावा हात दुखला, उजवा लावला. सासू ओट्यावरून मधून मधून "थांबलीस काय गो?" असं ओरडत होती, जसं काही तिला दिसतच होतं. पाणी तांबूस व्हायला लागलं तसं कापड एकसारखं उजळ-पिवळं होत गेलं. हवी ती छटा आली त्याच क्षणी बाहेर काढलं. टांगलं असतं तर रंग खालच्या कडेला उतरला असता, म्हणून पलंगावर सावलीत आडवं वाळवलं. वाळल्यावर ओला पांढरा रुमाल त्यावर घासून पाहिला. रुमाल पांढराच राहिला. रंग सुटत नव्हता.

बुधवारी मुलगी कामावरून आली तेव्हा पाट मांडून मी सगळं तयार ठेवलं होतं. खाली अस्तर, वर रेशीम, बाजूला खडू आणि कात्री. तिने पर्स खांद्यावरून काढली नाही. दारातून जेवढा उजेड येत होता त्यात रेशमावरून तळहात फिरवला. मग खाली बसली, अस्तराचं एक टोक उचलून उलटसुलट पाहिलं. एकही पट्टा नव्हता.

"काप," ती म्हणाली.

मी कात्री घेतली. मी तिला म्हटलं, तू आत जा, मला सुचत नाय. ती गेली नाही. समोरच बसून राहिली.

रेशमाशी कसं वागायचं ते मी गेल्या काही वर्षांत चुकतमाकत शिकले होते. माझे हात शेतावरचे, बोटांना भेगा. रेशमावरून फिरले की सुतं ओढली जातात. म्हणून चार दिवस रात्री तेल चोळलं, आणि कामाला बसताना तांदळाच्या पिठाने हात कोरडे केले. टाचण्या फक्त मायेत, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडात टोचायच्या, कारण रेशमाला पडलेलं भोक बुजत नाही. कापताना कापड उचलायचं नाही, कात्री पाटाला टेकवून सरकवायची. नवी बारीक सुई, आणि मशीनखाली रेशीम सरकू नये म्हणून जुन्या वहीचा पातळ कागद घालून शिवायचं, मग कागद हलक्या हाताने फाडायचा. गळ्याला तिरकी कापलेली उरेब पट्टी, तीही त्याच रेशमाची, नाहीतर वळणावर गळा उभा राहतो. इस्त्री कोरडी, वरून सुती फडकं, पाण्याचा एक थेंबही नाही. हे सगळं मी पाळलं. मशीनचा आवाज मला कधी एवढा गोड लागला नव्हता. सासू ओट्यावरून म्हणाली, "आज लय गुणाची मशीन चालतेय." तिला काय कळलं होतं कोण जाणे.

लग्न मुरबाडला, भर दुपारी, मांडवात. वंदनेला सगळे उभे राहिले. मुलीने हात जोडले, वर उचलले, आणि आजूबाजूच्या आयाबाया डोळे पुसत होत्या तेव्हा मी तिच्या मुंढ्याकडे बघत होते. एक सुरकुती नाही. ओढ नाही. पाठीवर कापड पाण्यासारखं पडलं होतं. मांडवाच्या पिवळ्या कापडाखाली शंभर पांढरे कपडे होते, काही निळसर, काही राखट. त्या सगळ्यांत माझी पोर वेगळी उठून दिसत होती. मला इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या जावेचा हात दाबला. तिला वाटलं मी रडतेय.

फोटो काढताना विहीणबाई जवळ आल्या. त्यांनी बाहीची कड दोन बोटांत धरून बघितली. बघायची रीत त्यांनाही होती, हे मला आवडलं. "साडी दुकानात एवढी खुलली नव्हती," त्या म्हणाल्या. "बुटिकवाल्यांनी काय केलं हो?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "आईने शिवलाय. अस्तरही आईनेच रंगवलंय."

"ताई, मग माझेही दोन..."

"आई सगळ्यांचे शिवत नाही हं," मुलगी म्हणाली, अगदी गंभीरपणे. "आधी कापड दाखवावं लागतं. पसंत पडलं तर घेते." विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान ताठ ठेवली आणि हो म्हटलं. मी आजवर कुणालाही नाही म्हटलेलं नाही, पण ते त्यांना कशाला सांगू?

निघताना मुलीने मला मिठी मारली आणि आपल्या बॅगेतून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. "हे घरी ने. मला लागलं नाही," एवढंच म्हणाली आणि गाडीत बसली.

घरी येऊन पुडी उघडली. आत पांढरा ब्लाउज होता. कल्याणच्या बुटिकचा, दुसऱ्या साध्या रेशमाचा, तिच्या मापाचा. सोबतच्या पावतीवर त्या सोमवारची तारीख होती, म्हणजे तिने काप म्हणायच्या आधीच तो शिवायला टाकलेला होता, आणि लग्नाच्या दिवशी बॅगेत बरोबर आणला होता. माझं टाळकंच सरकलं. म्हणजे इतकं सगळं होऊनही! मी तो ब्लाउज उलटा केला, सवयीने. अस्तर निळसर होतं, आणि न आटवताच लावलेलं. शिवण मात्र सरळ होती, ते मान्य केलं पाहिजे. नवऱ्याला दाखवायला म्हणून मी पुडीचा कागद उचलला, आणि माझ्या अंगठ्याच्या नखाखाली काहीतरी दुखलं. पुडी उघडताना मला तिची पिन नखाने उचकटावी लागली होती. बुटिकने मारलेली पिन. तोवर ती कोणी काढलीच नव्हती, म्हणजे पोरीने तो ब्लाउज उघडून बघितलासुद्धा नव्हता.